देऊळ उघडणारा श्वास

अण्णा नगरातल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये मी स्पीकरच्या वायरी जमिनीला टेपने चिकटवत होतो, तेव्हा रंगाचा फोन आला. रंगा म्हणजे आमच्या भजनातल्या माधवअण्णांचा मुलगा, वडिलांना अप्पा म्हणतो. अड्यारला एका संस्थेत नोकरी करतो. सगळा जन्म तमिळ आणि इंग्रजीत गेला त्याचा, मराठी बोलताना एकेक शब्द चाचपून ठेवतो. त्या दिवशी आधी तमिळमध्ये काहीतरी बोलला, मग थांबला आणि म्हणाला, "दिलीप, अप्पा गेले... गेले असंच म्हणतात ना मराठीत?" मी म्हणालो, "व्हय. असंच म्हणत्यात." एवढंच बोलणं झालं. स्टेजवर नादस्वरमवाले वाद्य फुंकून बघत होते, खालून कुणीतरी माइक चालू कर म्हणून ओरडत होतं, आणि मी टेपचा गुंडाळा हातात धरून तिथेच उकिडवा बसलो होतो. त्या लग्नात मी काम केलं, आवाज नीट लावून दिला, असं सोबतचे सांगतात. मला फक्त एक आठवतं. वाजवणाऱ्या माणसाने सुरुवातीला छाती भरून श्वास घेतला, तो माइकमधून अख्ख्या हॉलभर ऐकू आला, आणि मी दचकून मागे बघितलं.

त्याला आता काही आठवडे झाले. तेरावा झाला तेव्हा मंडळी पानावरून उठता उठता माझ्याकडे बघत होती. एग्मोरच्या गल्लीतल्या अण्णांच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत दर एकादशीला संध्याकाळी भजन होतं. अण्णांच्या वडिलांनी ते सुरू केलं, अण्णांनी चालवलं. आता कोण चालवणार? रंगाला गाता येत नाही. बाकीचे सगळे मागून म्हणणारे. शेवटी भजनातल्या म्हाताऱ्या कमलामामी, ज्यांना सगळेच मामी म्हणतात, मला म्हणाल्या, "मशीन तुझ्यापाशी आहे. त्याचा श्वास तुझ्या मशीनांत आहे. तूंच कांहीं कर." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस, परक्या गावात स्पीकर उचलून पोट भरणारा. मी काय करणार होतो? पण नाही म्हणायचीही ताकद नव्हती, कारण ते भजन बंद पडलं असतं तर या शहरात मला "जेवलास कां" असं मराठीत विचारणारी एकुलती एक खोली बंद होणार होती.

मी खानापूर तालुक्यातला. आमच्याकडची माणसं गलाईसाठी, म्हणजे सोनंचांदी आटवून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, देशभर पांगली आहेत, तसा माझा मामा इथे तमिळ मुलखात, साहुकारपेटेत. शाळा सोडली आणि मामाकडे आलो. दिवसभर भट्टी आणि तेजाबाचा धूर. मला खोकला सुटला, तमिळ कळेना, घरी फोन केला की आई रडायची म्हणून फोन करायचं टाळायला लागलो. आम्हा गलाईवाल्यांचा गणपती असतो तिथे अण्णा भजनाला आले होते. ऐन रंगात लाउडस्पीकर शिट्टी मारायला लागला. मी गावाकडे बेंजो पार्टीत मशीनवर बसलेला, त्यामुळे पळत जाऊन खोका फिरवला, माइकची बटणं खाली घेतली आणि कामचुकार ऑपरेटरला शिवी हासडली. भजन संपल्यावर पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं लुंगीसारखं धोतर, नेसलेले, कपाळाला गोपीचंदन लावलेले ते गृहस्थ माझ्यापाशी आले. "कोण रे तूं? मराठीत बरा भांडतोस. तुझें घर कोठें?" मला हसूच आलं. जुन्या पोथीतलं माणूस उठून बोलायला लागावं तसं ते बोलत होते. त्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावरच्या राजांबरोबर इकडे आलेले. माझं हसणं बघून म्हणाले, "हांस, हांस. तुम्ही काल गाडीनें आलांत. आम्ही घोड्यावरून आलों, अजून उतरतों आहों."

त्यानंतर अण्णांनी मला सोडलं नाही, हेच खरं. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाले होते, ओळखी होत्या. धुरातून काढून एका साउंडवाल्याकडे कामाला लावलं. तमिळ शिकवलं, तेही आधी शिव्या. "कोणी शिवी दिली तर कळली पाहिजे, भाषा मागून येते." एकादशीला मी गेलो की पहिला प्रश्न, "जेवलास कां?" मी जेवलो म्हटलं तरी आंबट वरण आणि भात पुढे यायचाच. उपवासाच्या दिवशीसुद्धा माझ्यापुरता कमलामामींकडून यायचा. मामी त्याच गल्लीत राहतात. अण्णा म्हणायचे, "ह्याचा उपवास लहानपणीच पुष्कळ झाला आहे." मी ते हसण्यावारी न्यायचो. रात्री मामाच्या दुकानाच्या माळ्यावर पडलो की ते वाक्य आठवायचं... इतक्या लांब माझी भूक कुणी मोजतंय, याचीच भीती वाटायची. ते एक दिवस थांबलं तर?

त्या भजनाचा एक नियम होता. पुढचा म्हणणारा ओळ टाकतो, मागचे सगळे ती उचलतात, आणि शेवटचा गळा येईपर्यंत पुढची ओळ घ्यायची नाही. कमलामामी कायम मागे. ध्रुवपद सगळ्यांचं म्हणून झालं की मामींचं बारीक आवाजात येणार, "विठ्ठला..." आणि तोवर अण्णा मांडीवर नुसता हात ठेवून थांबलेले. मृदंगवाला वैतागायचा. एकदा म्हणाला, "अण्णा, मामी येईतोवर पुढची एकादशी येईल." अण्णा म्हणाले, "येऊं दे. तिलाही बसायला सांगूं."

अण्णांना एक ध्यास होता. लहानपणी तंजावरकडच्या एका देवळात ते वडिलांच्या मांडीवर बसून भजन ऐकायचे. दगडी ओवरी. एकट्याने म्हटलेली अभंगाची अर्थाची ओळ जवळून, कोरडी, स्पष्ट ऐकू यायची, आणि सगळ्यांनी नाम घेतलं की ते छतावर जाऊन परत अंगावर पडायचं. एग्मोरच्या खोलीत वर पंखा आणि बाजूला गोदरेजचं कपाट, तिथे काय घुमणार? मी मिक्सरवर घुमाऱ्याचा इफेक्ट लावून दिला. पण तो सतत लावला तर शब्द गढूळ होतात. म्हणून अर्थाच्या ओळीला बंद, नामाला चालू, असं मी बोटाने करायचो. त्याला आम्ही देऊळ उघडणं आणि देऊळ मिटणं म्हणायचो. बरीच वर्षं तसं चाललं. मग एका एकादशीला अण्णा म्हणाले, "दिलीपा, तूं उघडतोस तें माझ्या मागून येतें. मी उंबऱ्यावर पोचतों, मग तूं कुलूप काढतोस. आणि तूं बोटाकडे पाहतोस, म्हणून तुझा गळा कधीं आलाच नाहीं. हें काम यंत्रास दे. तूं मागें बसून म्हण."

मी कधी म्हटलं नव्हतं. लाज वाटायची. पण यंत्राचं डोक्यात बसलं. मोठ्या कार्यक्रमांत लॅपटॉपवर आधीच आखून ठेवतात, अमुक सेकंदाला अमुक इफेक्ट, आणि वाजवणारे कानात टकटक ऐकत त्याबरोबर चालतात. आमच्याकडे ते कसं जमणार? अण्णा एक ओळ आज चारदा घेतील, उद्या अकरादा, आणि मामींचं काही सांगता येत नाही. म्हणजे घड्याळ नको, ऐकणारं सॉफ्टवेअर हवं. त्याची मदतपानं सगळी इंग्रजीत. अण्णा चष्मा लावून लॅपटॉपसमोर बसायचे, मोठ्याने इंग्रजी वाचायचे आणि आपल्या जुन्या मराठीत मला सांगायचे. आवाज ज्या रेघेच्या वर गेला की यंत्र जागं होतं त्या रेघेला त्यात थ्रेशोल्ड म्हणतात. अण्णांनी उंबरठा केला. "हा उंबरठा फार उंच ठेवूं नये, नाहींतर देव अडखळतो, असें लिहिलें आहे." मी विचारलं, "देव असं लिवलंय?" तर म्हणाले, "सिग्नल लिहिलें आहे. एकच तें."

पहिल्यांदा आम्ही टाळावर बांधलं. अण्णा नामाकडे वळले की मी जोरात टाळ मारायचा, यंत्राने तो ऐकून देऊळ उघडायचं. खोलीत झकास चाललं. मग एका देवळातल्या भजनाला घेऊन गेलो. तिथली निम्मी माणसं घरून आपापले टाळ घेऊन आलेली! इकडे ही रीतच आहे, बायकांच्या पर्समधून किल्ल्यांबरोबर टाळ निघतात. एवढं रोज बघूनही आम्हा दोघांच्या डोक्यात आलं नव्हतं. पहिल्या ओळीलाच शेकडो टाळ खणखणले आणि देऊळ उघड-मीट, उघड-मीट. अण्णांचा एक शब्द तंजावरात, एक एग्मोरात. मी लॅपटॉपवर झडप घालून सगळं बंद केलं. घामाघूम झालो. कार्यक्रम संपल्यावर तोंड लपवून वायरी गुंडाळत होतो तर अण्णा खो खो हसत आले. "अय्यय्यो दिलीपा, आज देवास दार लावायला मिळालें नाहीं रे!"

श्वासाचं त्यांनाही सुचलं नाही, मलाही नाही. मामींना सुचलं. त्या म्हणाल्या, "मी तर त्याच्या श्वासावरून येतें. नाम घ्यायच्या आधीं नाकानें लांब ओढतो, तेव्हां मज कळतें आतां आपलें." इतक्या वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. कान लावला तर खरंच... इतर वेळी तोंडाने छोटा, आणि नामाआधी नाकाने लांब, जरासा थरथरता. त्याचे खूप नमुने मी सॉफ्टवेअरला दिले. तसा श्वास आला की उघड, आणि मागच्यांचे माइक शांत झाले की मीट. पहिल्या दिवशी अण्णांनी श्वास घेतला आणि नामाच्या आधीच, त्या श्वासालाच, देऊळ उघडलं. ते गायचे थांबले. डोळे मिटून वर तोंड करून बसले. मग हळूच म्हणाले, "आलों. अप्पाच्या मांडीवर आलों." त्या संध्याकाळी माझे हात मोकळे होते. मी टाळ घेऊन मागे बसलो आणि पहिल्यांदा म्हटलं. वाईटच म्हटलं. मामींच्याही मागे पडलो. अण्णा माझ्यासाठी थांबले.

आणि मग त्यांची फुप्फुसं कडक व्हायला लागली. डॉक्टरांनी काही नाव सांगितलं, रंगाला पाठ आहे. मला ते दुसरीकडून कळत गेलं. देऊळ उघडेनासं झालं म्हणून मी उंबरठा थोडा खाली घेतला. पुढच्या एकादशीला आणखी थोडा. आवाज अजून तसाच खणखणीत होता, ऐकणारे म्हणायचे अण्णा काय गातात! फक्त ती लॅपटॉपवरची रेघ खाली खाली सरकत होती. मी रंगाला दाखवली, अण्णांनाही दाखवली. अण्णा म्हणाले, "उंबरठा खालीं येतो आहे म्हणजे म्हाताऱ्यास पाय उचलावा लागत नाहीं. बरेंच आहे." मी घरी जाऊन देवाला एकच मागायचो, उंबरठ्याच्या खाली अजून जागा राहू दे. ती रेघ एकदा तळाला लागली की पुढे काय, याचा विचार मी करत नव्हतो. म्हणजे तेवढाच करत होतो.

शेवटच्या एकादशीला त्यांच्या नाकात प्राणवायूची नळी होती आणि शेजारी त्या नळीचं यंत्र सुसाटत होतं. त्या सुसाटण्यानेच देऊळ सताड उघडं राहिलं. अण्णांनी मला खुणावलं, नळीचं यंत्र बंद कर. रंगा उठून उभाच राहिला. "अप्पा, नो. घुमाराच आहे तो, फक्त घुमारा!" मी त्यांच्या पायांशी बसलो. म्हटलं, "आण्णा, मी बोटानं उघडतो. तुमच्या आधी उघडतो. कळणारबी न्हाई तुम्हास्नी." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मज कळतें, दिलीपा. एकच अभंग. त्यांत मशीनचा श्वास ऐकूं नये, माझा ऐकावा." रंगाने पाठ फिरवली आणि स्वतःच बटण बंद केलं. खोली एकदम कोरडी, मोकळी झाली. अण्णांनी अर्थाची ओळ अर्धीच म्हटली, पुढे ओठ हलले फक्त. मग नाकाने श्वास ओढला. माझ्या कानाला तो ऐकू आला नाही. लॅपटॉपला आला. देऊळ उघडलं. आम्ही नाम घेतलं, जीव तोडून घेतलं, लवकर संपावं म्हणून घेतलं. संपलं, आणि अण्णा थांबले! छाती भात्यासारखी चाललेली, ओठ निळे, आणि मांडीवर हात ठेवून मामींची वाट बघत थांबले. मामींच्या तोंडून आवाज फुटेना. रंगा ओरडला, "मामी, प्लीज!" तेव्हा त्या कशातरी म्हणाल्या. अण्णांनी मान डोलावली आणि मग नळीचं यंत्र परत चालू करू दिलं.

तर तेराव्यानंतर मामींनी माझ्यावर सोपवलं ते हे. मी सुचेल ते केलं. वर्षापूर्वीच्या एका एकादशीचं रेकॉर्डिंग होतं, त्यातून अण्णांचा आवाज वेगळा काढला, आखून ठेवतात तसं देऊळ त्यावर आखलं, जिथे उघडायचं तिथे उघड, जिथे मिटायचं तिथे मीट. एकादशीच्या आदल्या दिवशी सगळ्यांना तालमीला बोलावलं. अण्णांच्या पाटासमोर त्यांचा माइक तसाच ठेवला. आवाज सुरू झाला तेव्हा रंगाने भिंतीला हात टेकला. अर्थाची ओळ, मग तो लांब श्वास, मग उघडलेलं देऊळ. आम्ही रडत रडत नाम घेतलं. मला वाटलं, जमलं. भजन वाचलं. आणि मामी आपल्या नेहमीसारख्या मागून आल्या, "विठ्ठ..." तर अण्णा पुढच्या ओळीवर गेले होते. मामींचं नाम अर्ध्यात तुटलं. त्या पाटाकडे बघतच राहिल्या. रेकॉर्डिंगमधले अण्णा त्या दिवशीच्या मामींसाठी थांबले होते. आजच्या मामींना उठबस जड जाते, गळ्यात हुंदका आहे, त्यांना जास्त वेळ लागतो. अण्णा स्पष्ट, सुरेल, एकटेच पुढे चालले होते. मी धावत जाऊन ते बंद केलं. जिना उतरताना मामी एवढंच म्हणाल्या, "तो असा कधीं गेला नाहीं रे."

एकादशीला मी रेकॉर्डिंग लावलं नाही. दुसरं काही सुचलंही नाही. लॅपटॉप चालू केला, माइक चालू केले, अण्णा होते तेव्हाचंच सगळं ठेवलं आणि टाळ घेऊन माझ्या जागी मागे जाऊन बसलो. मोजकीच माणसं आली होती. रंगाने समई लावली. पाट मोकळा. कुणी सुरुवात करेना. मृदंगवाला उगीच वादीवरून बोट फिरवत होता. मनात म्हटलं, संपलं. आता एकेक जण उठेल, पायऱ्या उतरेल, आणि पुढच्या एकादशीला ही खोली नुसती खोली असेल... तेवढ्यात खाली गल्लीत पाण्याची लॉरी येऊन थांबली आणि तिच्या ब्रेकची हवा सुटली, स्स्स्स करून लांब. रंगा खाकरला. त्याचं खाकरणं छतावर जाऊन घुमत परत आलं.

देऊळ उघडलं होतं. अण्णांच्या शेवटच्या श्वासासाठी उंबरठा मी अगदी तळाला आणला होता, तो तसाच होता. आता त्याला काहीही चालतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. रंगा पुटपुटला, "दिलीप, रेघ वर घे." मी टाळ धरून जागीच बसून राहिलो. कुणाचाच आवाज नव्हता म्हणून थोड्या वेळाने देऊळ आपलं आपण मिटलं. मग कमलामामींनी बसल्या जागी मांडी सारखी केली, गुडघा दुखला असावा, नाकाने लांब श्वास ओढला, आणि पाटासमोरच्या अण्णांच्या माइकला तोही ऐकू गेला, देऊळ पुन्हा उघडलं. मामी दचकल्या. वर बघितलं. आणि डोळे मिटून त्यांनी नाम घेतलं. अर्थाची ओळ नाही, काही नाही, एकदम नाम. तो बारीक, चिरका आवाज दगडी ओवरीतून यावा तसा खोलीभर पसरला. एकेक करून सगळे आले. मृदंगवाला आला. रंगा, ज्याला गाता येत नाही, तोही आला. मामींनी पुढची ओळ घ्यायची होती.

त्या थांबल्या. मांडीवर हात ठेवून, डोळे मिटून, थांबून राहिल्या. मला कळेना कशासाठी. मग कळलं, शेवटचा गळा माझा होता आणि तो आलाच नव्हता. मी श्वास घेऊन बघितला, छातीच भरेना. मला अण्णांना विचारायचं होतं, असं झालं तर काय करायचं असतं? मामींनी डोळे उघडले नाहीत. कुणी घाई केली नाही. खाली लॉरीवाला घागरींच्या रांगेवर ओरडत होता, ते सगळं घुमत होतं, आणि खोलीत फक्त माझी वाट बघणं चाललं होतं, अगदी अण्णा असताना चालायचं तसं.